गोळी, बुरशी आणि संत्री

तर मंडळी, या शनिवारचा लेखही इतिहासाचाच आहे. पण यावेळी किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपट नाही. एका गोळीचा इतिहास आहे. तो वाचायला मला आमच्या बाबांनी लावलं, तेही त्यांच्या नकळत.

झालं असं. ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी रिलीज संपवून रात्री अकराला रूमवर आलो, तर आईचे चार मिस्ड कॉल. अमरावतीहून रात्री नऊनंतर फोन आला की पोटात खड्डाच पडतो. लगेच लावला. आई अगदी हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या खोलीत बाबांना ऐकू जाऊ नये अशी, म्हणाली, "बाबू, यायनं थे कोलेस्टेरॉलची गोयी बंद केली. दोन महिने झाले. मले आज समजलं. कपाटात पाकिटं तसेच्या तसे पडून हायेत."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. तीन वर्षांपूर्वी बाबांना नागपूरला स्टेंट बसवला. तेव्हापासून रोज रात्री ॲटॉर्वास्टॅटिन, ४० मिलिग्रॅम. ही स्टॅटिन जातीची गोळी, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) खाली आणणारी. पण आमच्या घरात तिला वेगळं वजन आहे. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, अकोल्याला तेलाच्या गिरणीत मुनीम होते. १९८८ च्या उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वय ४२. मी त्यांना फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय.

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली. अकोला स्टेशन आलं की मोठ्या बाबांची आठवण निघतेच, पण या वेळी मी एकटाच होतो, त्यामुळे जरा जास्तच आली. पुढे बडनेरा, आणि मग घर. चहा झाला आणि मी सरळ मुद्द्यावर आलो.

"बाबा, गोळी काऊन बंद केली तुम्ही?"

"अबे, पाय दुखत होते ना! पोटऱ्या अशा भरून याच्या का जिना चढवत नव्हता. गोयी बंद केली, पंधरा दिवसात दुखनं गायब. मंग? थ्या गोयीनंच दुखत होते ना?"

"डॉक्टरांना विचारलं का?"

"त्यायले काय इचाराचं? थे म्हनतीनच का घ्या."

मग मोबाइल पुढे आला. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रमंडळीत फिरलेला एक लांबलचक मेसेज. स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा धंदा, त्याने लिव्हर जातं, आणि त्यावर संत्री-मोसंबी खाल्ली तर विष होतं, वगैरे वगैरे. बाबांचा खरा राग या शेवटच्या कलमावर होता. "अमरावतीत राहून संत्रं खाचं नाई, हे कोन्या शास्त्रात लिहिलं बे?"

मेसेज बाजूला ठेवा, पण पायदुखीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी चालू तर दुखतंय, बंद केली तर गेलं. आमच्या धंद्यात रोलबॅक केल्यावर बग गेला तर आपण रिलीजलाच दोष देतो. मी इंजिनिअर माणूस, वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण बग आला की आधी लॉग वाचायचा, एवढं कळतं. सोमवारी सकाळची डॉक्टरांची वेळ मिळाली होती. शनिवार-रविवार मोकळे होते. मी या गोळीचा लॉग वाचायला बसलो.

तो सुरू होतो बुरशीपासून.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस झाला की कणसातली ज्वारी काळी पडते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बुरशी म्हणजे नुकसान. उत्तर जपानमधल्या अकिता भागात १९३३ साली एका शेतकरी घरात जन्मलेल्या अकिरा एंडो या मुलाला मात्र बुरशीचंच वेड होतं. माश्या मरतात पण माणूस मरत नाही अशी एक अळंबी त्यांच्याकडे होती, तिने तो चक्रावून गेला होता. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग हे त्याचं दैवत. पुढे तो सांक्यो या औषध कंपनीत लागला, आणि १९६६ ते ६८ न्यूयॉर्कला संशोधनासाठी राहिला. तिथे हृदयविकाराचं प्रमाण बघून त्याच्या डोक्यात कोलेस्टेरॉलचा विषय शिरला.

तोवर कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचं नातं बरंचसं स्पष्ट झालं होतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं तपासणी चालू होती, त्यातून ते दिसत होतं. प्रश्न होता तो कमी करायचा कसा. गंमत म्हणजे शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खातो त्यातून येत नाही, ते शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ते बनवण्याच्या कामात एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोक्याच्या जागी बसलेलं असतं: एचएमजी-कोए रिडक्टेज. एंडोंचा तर्क असा, की बुरशी इतर जंतूंशी लढताना नाना रसायनं सोडते. त्यातलं एखादं हे एन्झाइम अडवणारं असेलच.

१९७१ मध्ये शोध सुरू झाला. दोन वर्षांत सहा हजारांवर जंतू-बुरशा तपासल्या. १९७३ मध्ये हवं ते सापडलं, तेही तांदळावरच्या बुरशीत, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये. या रसायनाला पुढे कॉम्पॅक्टिन म्हणू लागले. जगातलं पहिलं स्टॅटिन.

आणि पहिल्याच टेस्टला फेल! उंदरांना दिलं, कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. प्रकल्प गुंडाळायचीच वेळ आली होती. मग एंडोंनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, कारण अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही ते असणार. तिथे ते झपकन उतरलं. उंदराचं शरीर या बाबतीत वेगळं वागतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

मी जिथे थबकलो ती जागा आता येते. १९७८, ओसाका. अठरा वर्षांची एक मुलगी. आई-वडील दोघांकडून आलेल्या आनुवंशिक दोषामुळे तिचं कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात (आपलं दोनशेच्या आत असावं म्हणतात). डॉ. अकिरा यामामोतो यांनी तिला कॉम्पॅक्टिन सुरू केलं. कोलेस्टेरॉल उतरायला लागलं, पण काही दिवसांत तिच्या स्नायूंमधली ताकद गेली. यामामोतोंनी औषध थांबवलं. ताकद परत आली. मग त्यांनी कमी मात्रेत औषध पुन्हा सुरू केलं, आणि पुढे इतर रुग्णांनाही त्याच सावधपणे दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल साधारण तीस टक्क्यांनी उतरलं, मोठा त्रास न होता.

म्हणजे बघा, स्टॅटिन घेणाऱ्या पहिल्यावहिल्या पेशंटची तक्रार आणि आमच्या बाबांची तक्रार एकच! मेसेज लिहिणाऱ्याने ही गोष्ट कुणीतरी लपवल्यासारखी सांगितली होती. ती तर पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

पुढे गोष्ट बिघडली. कुत्र्यांना खूप मोठ्या मात्रेत दीर्घकाळ औषध दिलं तेव्हा त्यांच्या आतड्यात कर्करोगासारखं काही दिसल्याची शंका आली, आणि १९८० मध्ये सांक्योने कॉम्पॅक्टिन थांबवलं. अमेरिकेत मर्क कंपनीला १९७८ मध्ये दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळालं होतं. जपानची बातमी कळल्यावर त्यांनीही आपल्या चाचण्या थांबवल्या. ज्यांच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता अशा रुग्णांसाठी काही डॉक्टरांनी १९८२ मध्ये ते मागून घेतलं, नव्याने चाचण्या झाल्या, आणि १ सप्टेंबर १९८७ ला अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. मधल्या काळात डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं होतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे जणू हात असतात, हे त्यांनी दाखवलं. स्टॅटिनने आतलं उत्पादन कमी केलं की यकृताला टंचाई भासते, ते हे हात वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. सगळी करामत ही.

१९८७ चा सप्टेंबर. आणि मोठे बाबा गेले १९८८ च्या उन्हाळ्यात. त्यांचं कोलेस्टेरॉल कधी कुणी मोजलंच नव्हतं, त्यामुळे गोळी असती तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण १९८० ची ती भीती नसती तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. भीतीलाही किंमत असते. फक्त ती कुठल्या मेसेजमध्ये येत नाही.

इथे लेख संपवला असता तर "भिऊ नका, गोळी घ्या" असा झाला असता. पण लॉग पूर्ण वाचायचा असतो.

१९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातला मोठा अभ्यास आला. आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ लोक. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. साधारण साडेपाच वर्षांनी हिशेब झाला: साध्या गोळीवाल्यांत २५६ मृत्यू, सिमव्हास्टॅटिनवाल्यांत १८२. शंका बरीचशी मिटली, आणि मग धंदा जोरात सुरू झाला. कंपन्यांत शर्यत लागली. बायर कंपनीचं सेरिव्हास्टॅटिन त्यातलंच. त्याने काही रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळू लागले, स्नायूंतला माल रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडली. ऑगस्ट २००१ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं तेव्हा एकट्या अमेरिकेत ३१ मृत्यूंची नोंद होती. त्यातल्या १२ जणांना सोबत जेमफायब्रोझिल हे चरबीवरचं दुसरं औषध चालू होतं.

हा १२ चा आकडा महत्त्वाचा. गोळी एकटी असताना जशी वागते, तशीच दुसऱ्या औषधाच्या सोबतीने वागेल असं नाही. आमच्याकडे दोन सर्व्हिस वेगवेगळ्या उत्तम चालतात आणि एकत्र डिप्लॉय केल्या की रात्री तीनला फोन येतो, तसंच.

मग पायदुखीचं खरं किती? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये एक झकास प्रयोग छापला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. वर्षभर त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. रोज मोबाइलवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेता सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनेही होत होता! पुढे त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. २०२२ मध्ये अनेक मोठ्या चाचण्यांची एकत्र आकडेमोड झाली, तिनेही तेच सांगितलं: स्टॅटिनवाल्यांत स्नायूदुखी २७.१ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २६.६. फरक अर्ध्या टक्क्याचा. पण शून्य नाही, हेही लक्षात ठेवा.

आता संत्री. या भीतीचं मूळ कॅनडात आहे. १९८९ च्या सुमारास डेव्हिड बेली नावाचे संशोधक रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तर रक्तात औषध भलतंच वाढलेलं! ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि थोड्या प्रमाणात ॲटॉर्वास्टॅटिन याच एन्झाइमने मोडतात, म्हणून ती रक्तात साठतात. आपल्याकडचं पपनस ग्रेपफ्रूटचंच भावंड, त्याच्यापासून जपावं. पण वरूड-मोर्शीचं संत्रं वेगळ्या जातीचं, त्यात ही भानगड नाही. कुणीतरी परदेशातली ग्रेपफ्रूटची सूचना उचलली, "लिंबूवर्गीय फळं" असं भाषांतर केलं, आणि अमरावती जिल्ह्यातल्या माणसाची संत्री बंद झाली :-)

मात्र ते एन्झाइम फक्त फळांनीच बंद पडतं असं नाही. काही औषधंही तेच करतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं. हे वाचत असताना रविवारी दुपारी माझी ट्यूब पेटली.

"बाबा, पाय दुखायच्या आधी दुसरं कुठलं औषध चालू होतं का?"

बाबा आठवत बसले. आईच म्हणाली, "ऑगस्टमधी तुमाले खोकला नोयता का झाला? सात दिवस गोया घेतल्या ना." कागद शोधले. दुसऱ्याच एका डॉक्टरांनी लिहून दिलेलं, क्लॅरिथ्रोमायसिन. त्यांनी आधीच्या गोळ्या विचारल्या नाहीत, बाबांनी सांगितल्या नाहीत. दोघांपैकी कुणा एकाने तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सोमवारी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं बाबांना झापतील. तसं काही नाही. त्यांनी पायदुखी नेमकी कधी सुरू झाली, दोन्ही पायात होती का, लघवीचा रंग गडद झाला होता का, हे विचारलं. सीके म्हणजे स्नायूंची तपासणी, थायरॉइड, यकृत, साखर आणि लिपिड प्रोफाइल करायला सांगितलं. थायरॉइड मंदावलं असेल तर स्नायू तसेही दुखतात म्हणे. सीके आणि थायरॉइड नॉर्मल निघालं. एलडीएल मात्र गोळीवर असताना ६२ होतं ते १३१ झालं होतं.

"तुमचं दुखणं खरं होतं," डॉक्टर बाबांना म्हणाले, "आणि बहुतेक दोन औषधं एकत्र आल्यानंच होतं. पण थांबवायच्या आधी मला एक फोन करायचा होता." ४० ऐवजी २० ने गोळी पुन्हा सुरू केली. सहा आठवड्यांनी परत तपासणी.

मला एकदम ओसाकाची ती मुलगी आठवली. थांबवा, मोजा, कमी मात्रेत पुन्हा सुरू करा. १९७८ मध्ये यामामोतोंनी जे केलं तेच आमच्या अमरावतीच्या डॉक्टरांनी केलं. बाबांनी यातली पहिली पायरी बरोबर केली होती म्हणा ना, फक्त एकट्याने केली, आणि पुढच्या दोन राहिल्या.

मी वहीत काही गोष्टी उतरवून घेतल्या, तुमच्याही घरी लागतील. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची यादी (फोटो चालेल) सोबत न्यायची. मेडिकलवाल्यालाही दाखवायची. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. स्नायू खूप दुखून ताकद गेली, लघवी कोलासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्तातली साखर थोडी वाढू शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये हे लेबलवर घातलं, म्हणून साखर तपासत राहायची. बाबांसारख्यांसाठी फायदा त्याहून बराच मोठा आहे. मूल होऊ देण्याचा विचार असेल त्या बायकांनी आधीच डॉक्टरांशी बोलायचं. आणि बाबांची गोळी चांगली म्हणून आपण सुरू करायची नाही.

निघताना डॉक्टरांनी मला विचारलं, "काका ४२ व्या वर्षी गेले म्हणता. तुमचं कोलेस्टेरॉल कधी तपासलं?" मी गप्प. ५२ देशांच्या एका अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं, आणि तरी ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजून पुढे गेलो होतो. पुण्यात आल्यावर तपासलं. १३८. सध्या गोळी नाही, चालणं आणि वडापाववर लगाम, सहा महिन्यांनी पुन्हा.

अकिरा एंडो ५ जून २०२४ ला गेले, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. आणि परवा बाबांचा रिपोर्ट आला: एलडीएल ७४, पायदुखी नाही. डॉक्टरांना अजून खाली हवंय. हृदयविकार असलेल्यांचं ५५ च्या आत ठेवा, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये म्हटलंय. म्हणून गोळी न वाढवता एझेटिमाइब नावाची दुसरी जोडली.

"दुसरी गोयी कायले, थे इचारलं मी त्यायले," बाबा फोनवर सांगत होते. "अन् खोकल्याच्या डॉक्टरलेबी यादी दाखोली." मागून आईचा आवाज आला, संत्र्याची सालं टेबलावर टाकू नका म्हणून. आंबिया बहार आलाय.